पाण्यातील ध्वनी आणि दहा वावांचा हिशेब

पाण्यात ध्वनी किती वेगाने जातो, हा साधा प्रश्न घेऊन पाच ठिकाणी विचारणा करावी, तर पाच निराळी उत्तरे हाती येतात. शाळेचे पदार्थविज्ञान सांगते, सेकंदाला सुमारे १५०० मीटर. जुने इंग्रजी पुस्तक सांगते, सेकंदाला सुमारे ४९२० फूट. वावेत खोली मोजणारा दर्यावर्दी म्हणतो, सेकंदाला ८२० वाव. मोटारगाडीच्या भाषेत बोलणारा ताशी ५४०० किलोमीटर म्हणतो, आणि जहाजावरचा अधिकारी तेच सुमारे २९१६ नॉट असे सांगतो. पाच साक्षीदार, पाच जबान्या. पण घटना एकच. कोणीही खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने आपापल्या हातातल्या मापाने एकच गोष्ट मोजली आहे, एवढेच.

हा विषय परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा आहे, आपला नव्हे, असे पुष्कळांना वाटेल. आमचे म्हणणे उलट आहे. ज्याला हा हिशेब येत नाही त्याच्यावर दुसऱ्याचा आकडा लादला जातो, आणि लादलेल्या आकड्याची किंमत बहुधा कष्टकऱ्याच्या खिशातून जाते. जहाजातील मालाचेच उदाहरण घ्या. जुना इंग्रजी टन २२४० पौंडांचा, म्हणजे सुमारे १०१६ किलोंचा. मेट्रिक टन १००० किलोंचा. कागदावर दोघांचे नाव ‘टन’च. परंतु ज्याची मजुरी टनावर ठरते, त्याच्या पाठीला मधले सोळा किलो बरोबर कळतात. समुद्रावरही तोच न्याय आहे. फरक इतकाच, की तेथे ओझ्याऐवजी खोली मोजली जाते आणि मोजणारा दोर नसून ध्वनी असतो.

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील वेळणेश्वराचा किनारा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेस पालशेत आणि गुहागर, दक्षिणेस हेदवी, आणि त्यापलीकडे शास्त्री नदीच्या मुखावर जयगड. या किनाऱ्यासमोरच्या समुद्रात लहान होडीवाल्याचेही पोट आहे आणि यांत्रिक बोटीवरच्या खलाशाचेही. या दोघांमधला तंटा पुष्कळदा पाण्याच्या खोलीपाशी येऊन थांबतो, आणि त्याला कारण आहे. १९८१ साली महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला. त्याखाली निघालेल्या आदेशांत किनाऱ्याच्या निरनिराळ्या पट्ट्यांसाठी पाच वाव, दहा वाव अशा खोलीच्या मर्यादा घालण्यात आल्या. त्या खोलीच्या आत यांत्रिक बोटीने ट्रॉल जाळे ओढू नये, उथळ पाणी लहान मच्छीमाराला राहावे, हा त्यामागचा हेतू. हेतू रास्त आहे. पण मर्यादा वावेत, यंत्राचा पडदा मीटरांत किंवा फुटांत, आणि यंत्राच्या पोटात ध्वनीचा एक वेग आधीच धरून ठेवलेला! या तिघांचा मेळ कोणी घालावयाचा?

तो मेळ कसा घालतात हे पाहण्यापूर्वी मूळ गोष्ट समजून घेऊ. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. साधारण २० अंश सेल्सिअस उष्णतेच्या हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, पाण्यात १५०० च्या आसपास. हे ऐकून मनुष्य बुचकळ्यात पडतो, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट जड. जड वस्तू सावकाश हलावी की नाही? ध्वनी म्हणजे एका कणाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला दिलेला धक्का. रेल्वेच्या यार्डात मालडब्यांची रांग उभी असते. डब्यांमधल्या साखळ्या सैल असतील तर इंजिनाचा धक्का शेवटच्या डब्यापर्यंत रेंगाळत जातो. डबे एकमेकांना घट्ट भिडलेले असतील तर तोच धक्का क्षणात पोहोचतो. पाणी हे असे घट्ट भिडलेले आहे. दाबून आकसण्यास पाण्याचा जो विरोध असतो, तो हवेच्या सुमारे पंधरा हजारपट भरतो. म्हणजे जडपणा आठशेपट वाढून वेग कमी करू पाहतो, आणि हा ताठपणा पंधरा हजारपट वाढून तो वाढवू पाहतो. पंधरा हजारांस आठशेने भागले की पावणेएकोणीस येतात. त्याचे वर्गमूळ सुमारे सव्वाचार. तीच ती चौपट.

हा वेग प्रत्यक्ष कोणी मोजला? १८२६ साली स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा सरोवरात कोलाडोन आणि स्टर्म या दोघांनी तो मोजला. रात्रीच्या वेळी एका होडीवरून पाण्यात बुडवलेली घंटा वाजवली जाई, आणि त्याच क्षणी होडीवर दारूचा भडका उडवला जाई. दूरच्या दुसऱ्या होडीवर निरीक्षक पाण्यात लांब कर्णा बुडवून कान लावून बसे. भडका दिसला की घड्याळ सुरू, घंटा ऐकू आली की बंद. दोन होड्यांमधले अंतर १३,४८७ मीटर आणि लागलेला वेळ ९.४ सेकंद. भागाकार केला की सेकंदाला १४३५ मीटर येतात. सरोवराचे पाणी ८ अंश सेल्सिअस, म्हणजे चांगलेच थंड होते. आजच्या बारीक मापनांशी ताडून पाहता त्यांचा आकडा काही मीटरांनीच कमी भरतो. एक घंटा, एक कर्णा, एक घड्याळ आणि मोजलेले अंतर, एवढ्या सामग्रीवर हे काम झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता परिवर्तनाकडे वळू. त्यासाठी तीन किल्ल्या पुरतात, आणि तिन्ही अगदी नेमक्या आहेत. पहिली: एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. दुसरी: एक वाव, जिला इंग्रजीत फॅदम म्हणतात, ती सहा फुटांची, म्हणजे १.८२८८ मीटर. तिसरी: एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, आणि ताशी एक सागरी मैल या वेगाला एक नॉट म्हणतात. आपली मूळची वाव म्हणजे दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचे अंतर. दीड फुटाचा एक हात धरला, तर चार हातांची एक वाव, म्हणजे पुन्हा सहा फूटच. परंतु उंच माणसाची वाव मोठी आणि ठेंगण्याची लहान. म्हणून कायद्याच्या कामात सहा फुटांचीच वाव धरली पाहिजे, अंगावरची नव्हे.

गुणावे की भागावे, येथे पुष्कळांची गाडी अडते. त्यावर आपल्या घरातल्या धान्याच्या मापाचा दाखला पुरेसा आहे. चार शेरांची एक पायली. तेच धान्य शेराने मोजले तर आकडा मोठा येतो, पायलीने मोजले तर लहान. धान्य तेवढेच राहते. माप मोठे तर आकडा लहान, माप लहान तर आकडा मोठा. हा नियम ज्याने मनात ठेवला त्याची दिशा चुकत नाही. फूट हे मीटरापेक्षा लहान, म्हणून फुटांतला आकडा मोठा आला पाहिजे. १५०० ला ०.३०४८ ने भागा, ४९२१ येतात. मोठा आला, म्हणजे दिशा बरोबर. कोणी चुकून गुणाकार केला तर ४५७ येतील. फूट लहान असूनही आकडा घटला, हे पाहताच चूक तेथल्या तेथे पकडली जाते. वाव मीटरापेक्षा मोठी, म्हणून १५०० ला १.८२८८ ने भागून ८२० येतात.

वेगात अंतराबरोबर काळही असतो, हे विसरता कामा नये. सेकंदाचा हिशेब तासावर न्यावयाचा तर तासाचे ३६०० सेकंद. १५०० मीटरांस ३६०० ने गुणले की ताशी ५४,००,००० मीटर होतात, आणि किलोमीटर करण्यासाठी हजाराने भागले की ५४००. म्हणूनच मीटर-सेकंदाच्या आकड्यास ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. यात जादू नाही, ३६०० भागिले १००० इतकेच आहे. पुढे ५४०० ला १.८५२ ने भागा, सुमारे २९१६ नॉट येतात. प्रारंभी सांगितलेल्या पाच जबान्या अशा एकमेकींना मिळतात.

येथे एक सावधगिरी सांगणे जरूर आहे. गणकयंत्र हाती असले की मनुष्य ४९२१.२५९८ फूट असे लिहून मोकळा होतो आणि आपण फार काटेकोर झालो असे मानतो. परंतु मुळातला १५०० हाच गोळाबेरीज आकडा आहे. ज्याची मूळ रक्कम ‘सुमारे’ आहे, त्याच्या व्याजात पैचा हिशेब दाखवण्यात अर्थ नाही. जेवढी अचूकता मापनात होती तेवढीच परिवर्तनानंतर उरते. दशांश चिन्हापुढचे आकडे वाढवल्याने ज्ञान वाढत नाही. जुन्या लोकांनी ४९२० फूट किंवा ८२० वाव असे सरळ आकडे धरले, ते शहाणपणाचेच होते.

आता बोटीवरच्या यंत्राकडे येऊ. पूर्वी खोली मोजावयाची ती दोराला शिसे बांधून. इंग्रजी जहाजांवर या दोराला ठरावीक वावांवर निरनिराळ्या खुणा असत. दहा वावांवर भोक पाडलेला चामड्याचा तुकडा असे, म्हणजे अंधारातही बोटांना कळावे. शिशाच्या तळाच्या खळग्यात चरबी भरत, तिला चिकटून तळाची वाळू किंवा चिखल वर येई. विसाव्या शतकात दोराची जागा ध्वनीने घेतली. १९२५ ते १९२७ या काळात ‘मेटिओर’ या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिक महासागरात ध्वनीच्या साहाय्याने खोलीची सदुसष्ट हजारांवर मापे घेतली, आणि या पद्धतीचा दबदबा निर्माण झाला. आज आपल्या बोटीवर तांडेल ज्याला फिश फाइंडर म्हणतो, त्याचे तत्त्व हेच. यंत्र खाली आवाजाचा एक ठोका पाठवते, तो तळावर आपटून परत येतो, आणि यंत्र मधला वेळ मोजते.

यंत्र फक्त वेळ मोजते, हे वाक्य नीट ऐकावे. ते खोली मोजत नाही. मोजलेल्या वेळेस ते आपल्या पोटातल्या वेगाने गुणते, आवाज खाली जाऊन वर आला म्हणून दोनाने भागते, आणि येणारे उत्तर पडद्यावर दाखवते. दहा वावांचा हिशेब करून पाहा. जाऊन-येऊन वीस वाव. ध्वनी सेकंदाला ८२० वाव जातो. म्हणजे सेकंदाचा एक्केचाळिसावा भाग लागला. हेच मीटरांत करा. दहा वाव म्हणजे १८.२९ मीटर, जाऊन-येऊन ३६.५८, त्याला १५०० ने भागा, ०.०२४४ सेकंद, म्हणजे पुन्हा एक्केचाळिसावाच भाग. वावेने मोजा की मीटराने, समुद्र परत पाठवतो तो वेळ तोच. माप माणसाचे आहे; वेळ समुद्राचा आहे.

मग चूक कोठे शिरते? चार दारांनी शिरते, आणि ती दारे मोठ्यापासून लहानाकडे ओळीने पाहिली पाहिजेत.

पहिले दार मापाच्या नावाचे. पडद्यावर १८ हा आकडा दिसतो आहे असे समजा. ते मीटर असतील तर ९.८ वाव झाले, म्हणजे दहा वावांच्या रेघेच्या जवळजवळ वर. ते फूट असतील तर अवघी तीन वाव. बोट पार उथळ पाण्यात आली. आणि त्या वाव असतील तर जवळजवळ ३३ मीटर, म्हणजे रेघेच्या पुष्कळ बाहेर. आकडा एकच, पण एका वाचनात तांडेल निर्दोष ठरतो आणि दुसऱ्यात गुन्हेगार. यंत्राची कळ फिरवली की मीटरांचे फूट होतात, आणि मापाचे नाव पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. सर्वांत मोठी चूक होते ती येथेच.

दुसरे दार भरती-ओहोटीचे. तीच जागा भरतीला खोल आणि ओहोटीला उथळ. नौकानयनाच्या नकाशावरची खोली ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून मोजलेली असते, म्हणून एरवी प्रत्यक्षातली खोली नकाशापेक्षा अधिक भरते. उधाणाच्या दिवशी हा फरक ध्वनीच्या वेगातील कोणत्याही चुकीपेक्षा मोठा असतो.

तिसरे दार यंत्राच्या जागेचे. आवाज पाठवणारा आणि ऐकणारा भाग बोटीच्या तळाशी बसवलेला असतो. तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली एक मीटर असेल, तर पडद्यावरील आकडा एक मीटरने कमीच येतो. यंत्रात ही भर घातली आहे की नाही, हे बसवणाऱ्याला विचारून घ्यावे.

चौथे दार खुद्द वेगाचे. १५०० हा काही समुद्राने लिहून दिलेला आकडा नव्हे. पाणी गरम झाले की त्यातला वेग वाढतो, मीठ वाढले की वाढतो, आणि खोली वाढली तरी दाबामुळे किंचित वाढतो. गोड्या पाण्यात २० अंशांवर तो सुमारे १४८२ मीटर असतो. आपल्या किनाऱ्यावरचे खारे पाणी २८ अंशांवर धरले, तर सूत्राने तो सुमारे १५४१ मीटर येतो. गंमत अशी, की गोडे पाणी सत्तावीस अंशांवर असेल तर त्यातला वेग दीड हजाराला जवळजवळ नेमका मिळतो. म्हणजे भर पावसाळ्यात नदीच्या तोंडाशी, जेथे गोड्या पाण्याचा लोंढा आहे, तेथे १५०० धरणारे यंत्र बरोबर बोलेल. आणि उघड्या समुद्रात, जेथे मासेमारी चालते, तेथे खोली थोडी कमी सांगेल.

किती कमी? खरी खोली दहा वाव असेल, तर असे यंत्र ९.७ वाव दाखवील. म्हणजे सुमारे अर्ध्या मीटरचा फरक. जुन्या काळी काही यंत्रांत सेकंदाला ८०० वाव, म्हणजे ४८०० फूट किंवा १४६३ मीटर असा वेग धरीत. तसा वेग धरला तर दहा वाव पाण्यात साडेनऊच दिसतील. अर्धा मीटर ही क्षुल्लक गोष्ट आहे असे वाटेल. पण तळाचा उतार सपाट असतो हे विसरू नये. पाचशे मीटर पुढे गेल्यावर तळ एक मीटर खाली जातो असे समजले, तर उभ्या मापातला अर्धा मीटर आडव्या अंतरात अडीचशे मीटर होतो. रेघेच्या बाहेर उभी असलेली बोट यंत्राच्या मते अडीचशे मीटर आत आलेली असते. बोट अडकली तर दंडाची नोटीस मालकाच्या नावे निघते हे खरे. पण बंद बोटीवरच्या खलाशाचा वाटाही त्याच दिवशी बंद होतो. उलट, वाचणाराच मीटरांना वाव समजून चालला तर दहा मीटरांवर, म्हणजे साडेपाच वाव पाण्यात, जाळे ओढले जाते, आणि होडीवाल्याच्या तोंडचा घास जातो. चुकीचा आकडा दोघाही गरिबांना नाडतो.

यावर कोणी म्हणेल, सगळी मापे एकच का करीत नाहीत? आपल्या देशाने ते पाऊल उचललेले आहे. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने अमलात आली. शेर, पायली, मण बाजारातून गेले. परंतु सवय ही कायद्याहून चिवट असते. समुद्रावर सागरी मैल आणि नॉट साऱ्या जगात टिकून आहेत, आणि आपल्या कोळ्याच्या, खारव्याच्या तोंडी वाव आहे. वाव टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. ती माणसाच्या अंगावरून निघालेली, पिढ्यांनी वापरलेली मोजणी आहे. म्हणणे इतकेच, की दोन भाषा चालत असतील तर दुभाषा पाहिजे, आणि तो दुभाषा तांडेलाच्या स्वतःच्या डोक्यात पाहिजे, दुसऱ्याच्या खुर्चीत नव्हे.

हे अवघड नाही. बोटीच्या केबिनमध्ये खडूने चार ओळी लिहाव्यात: पाच वाव म्हणजे ९.१ मीटर, म्हणजे ३० फूट. दहा वाव म्हणजे १८.३ मीटर, म्हणजे ६० फूट. यंत्राची जागा पाण्याखाली इतकी. यंत्रात धरलेला वेग इतका. आणि यंत्राची परीक्षा आपणच घ्यावी. समुद्राची मोजणी करणारे लोक एक सपाट लोखंडी पट्टी मोजलेल्या दोरांनी यंत्राखाली ठराविक खोलीवर सोडतात आणि पडदा काय सांगतो ते पाहतात. शांत पाण्यात, बंदरात, नीट मोजलेला दोर आणि जड वजन घेऊन जवळजवळ तेच काम कोणत्याही बोटीवर करता येईल. दोर दहा मीटर म्हणतो आणि पडदा साडेनऊ, तर फरक किती आणि कोणत्या बाजूला, हे एकदाच कळून जाते. जिनिव्हाच्या सरोवरात त्या दोघांनी घंटा आणि घड्याळ घेऊन जे केले, त्याच जातीचे हे काम आहे.

शेवटची मागणी अधिकाऱ्यांकडे आहे, आणि ती मच्छीमारांच्या प्रत्येक संस्थेने लावून धरावी असे आम्हांला वाटते. खोलीवरून कोणाची बोट धरली, तर पंचनाम्यात नुसता ‘खोली ९’ असा आकडा चालू देऊ नये. आकड्यापुढे मापाचे नाव असावे. मापन किती वाजता झाले आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी, हे असावे. यंत्र पाण्याखाली किती होते आणि त्यात ध्वनीचा कोणता वेग धरला होता, हेही असावे. चार-पाच शब्दांचे काम आहे. ते लिहिले तर ज्याने खरोखर लहान मच्छीमाराच्या पाण्यात जाळे ओढले त्याला पळवाट राहणार नाही, आणि ज्याने नियम पाळला त्याला नुसत्या आकड्यापुढे हात जोडावे लागणार नाहीत.